प्रेस डबल मारत होती, तरी दोष हेल्परचाच?

खडूस फिटर: परवा इथे एका उद्योजकाने लिहिलं, 'अपघात मशीन करत नाही, कामगाराची बेफिकिरी करते, मालकाला कशाला धरता?' डोकं फिरलं. माझा जन्म पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर गेलाय. आमची एक प्रेस डबल मारायची. पेडल एकदा दाबायचं, रॅम (दाब देणारा जड ठोकळा) खाली येऊन वर जायचा आणि पीस काढायला हात घातला की पुन्हा खाली! रॅमला गती जोडणाऱ्या क्लचची की (खीळ) झिजलेली, ब्रेक लायनर गुळगुळीत. ब्रेकडाऊन स्लिप मी तीनदा लिहिली. 'डिस्पॅच होऊ दे, मग बघू.' डिस्पॅच झाला. हेल्परची दोन बोटंही गेली. चौकशीत काय? 'कामगाराने चिमटा वापरला नाही.'

उत्पादक: ते लिहिणारा मीच. तुमची रडकथा खरी असेल, माझीही ऐका. दोन हातांनी दाबायची बटणं बसवली, तर पोरांनी एका बटणात नट खोचून ठेवला. का, तर पीसरेट, जितके नग तितकी मजुरी! मेंटेनन्स कंत्राटदाराकडे आहे, रजिस्टरवर त्याच्या सह्या आहेत. हातमोजे दिले, तर ड्रिलवरसुद्धा उघड्या हाताने काम! आता मी मागे उभा राहू का?

टूलरूम: ड्रिलवर हातमोजे?? अहो, फिरत्या चकात मोज्याचा दोरा अडकला तर अख्खा हात ओढला जातो.

उत्पादक: सेफ्टीवालाच म्हणतो, हातमोजे घाला.

टूलरूम: पत्रा उचलताना घाला, वेल्डिंगला घाला. ड्रिल, लेथवर नाही. माझ्या उस्तादाची नुसती बाही अडकली होती. स्टॉप बटण दाबेपर्यंत मनगट पिळवटलं.

बेरजेचा: मग बर (ड्रिलवर निघणारा धातूचा कीस) हाताने काढायचा का? बोटं कापतात.

टूलरूम: मशीन थांबवून ब्रशने! हे शिकवावं लागतं?

वकिली चष्मा: मोजे बाजूला ठेवा जरा. कंत्राटदाराच्या सहीचा बचाव जुनाच आहे. ब्रिटनमध्ये विल्सन्स अँड क्लाइड कोल कंपनीच्या खाणीत पाळी संपवून बाहेर निघालेला कामगार, वाहतुकीची यंत्रणा अचानक सुरू झाल्याने चिरडला गेला. कंपनी म्हणाली, आम्ही पात्र मॅनेजर नेमलाय. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 1937 मध्ये सांगितलं, काम दुसऱ्यावर सोपवता येतं, जबाबदारी नाही.

बेरजेचा: ब्रिटन कशाला, भोपाळ घ्या. 1984. टाकीतलं विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद, सुटलेला वायू जाळणाऱ्या फ्लेअर टॉवरची नळी काढून ठेवलेली. 2010 मध्ये निकाल लागला, शिक्षा दोन वर्षं. कायद्याचं कौतुक सांगू नका.

वकिली चष्मा: कौतुक नाही करत. शिक्षा तोकडी म्हणून कर्तव्य संपत नाही.

उत्पादक: बरं बाबा, मान्य. स्लिप लिहूनही मशीन चालू ठेवलं तर दोष मालकाचा. खूश? पण नट खोचणाऱ्याचं काय?

खडूस फिटर: नट खोचून प्रेस चालतेच कशी? दोन्ही बटणं एकदम दाबली नाहीत तर स्ट्रोक पडू नये आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा पडू नये, यासाठीच ते सर्किट असतं. तुमच्याकडे ते बायपास केलेलं आहे. कुणी केलं?

उत्पादक: ...इलेक्ट्रिशियनला विचारून सांगतो.

खडूस फिटर: विचारा. तोवर मेन स्विचला कुलूप घाला आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

टूलरूम: आणि ड्रिलवरचे मोजे आजच उचला!