भाड्याची गाडी चुकीच्या ठिकाणी परत दिली, तर दंड किती असावा?

चर्चेचा आरंभ (नेरूळ)

स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेली गाडी ठरलेल्या जागेऐवजी त्याच कंपनीच्या दुसऱ्या पार्किंगमध्ये लावली, तर अनामत रकमेतून किती कापावे, हा प्रश्न मला गांभीर्याने मांडायचा आहे. आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाने नेरूळच्या सेक्टर १९ मधून गाडी घेतली होती. ॲपमध्ये परतीचा पत्ता म्हणून केवळ ‘सेक्टर १९’ आणि नकाशावरची खूण एवढेच होते. अलिबागहून पनवेलमार्गे रात्री येताना त्या खुणेने त्यांना खारघरच्या सेक्टर १९ मध्ये नेले. तेथे त्याच कंपनीचा फलक होता, रखवालदाराने फाटक उघडून गाडी आत घेतली आणि चावीही ठेवून घेतली. नवी मुंबईत प्रत्येक नोडचे, म्हणजे नेरूळ, खारघर अशा प्रत्येक उपनगराचे, सेक्टर एकपासून सुरू होतात; सेक्टर १९ वाशीतही आहे, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी जागाबदलाचा दंड लागला, आणि ॲपवर प्रवास संपल्याची नोंद न झाल्यामुळे सकाळपर्यंतचे तासांचे भाडेही लागले. पाच हजारांच्या अनामतीतून जेमतेम सातशे रुपये परत आले. दंडच नको, असे माझे म्हणणे नाही. दहा-बारा किलोमीटरवरून गाडी आणायला चालकाचे पैसे, इंधन आणि त्याच्या येण्याजाण्याचा खर्च जो होईल तो ग्राहकाने द्यावा. पण कंपनीच्याच आवारात, कंपनीच्याच कुलपात उभी असलेली गाडी रात्रभर ग्राहकाच्या नावावर चालू ठेवणे हे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते.

प्रतिसाद: गाड्यांच्या ताफ्याचे काम पाहणारा (तुर्भे)

आपण मांडलेली बाजू एकांगी आहे. ती गाडी पहाटे पाच वाजता दुसऱ्या कुटुंबाला नेरूळमधूनच द्यायची असते, आणि त्या कुटुंबाला गाव गाठायचे असते किंवा रुग्णाला रुग्णालयात न्यायचे असते. गाडी जागेवर नाही हे आम्हाला मध्यरात्रीनंतर कळते. तेव्हा चालकाला झोपेतून उठवावे लागते. लोकल बंद झालेली असते, म्हणून रिक्षाचे रात्रीचे वाढीव भाडे देऊन त्याला खारघरला पाठवावे लागते. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर उपग्रहाचा सिग्नल तेथे पोहोचत नाही आणि ट्रॅकरवर रस्त्यावरचे शेवटचे ठिकाण दिसत राहते. मग तो बिचारा विजेरी घेऊन ओळीने नंबरपाट्या वाचत फिरतो. इतके करून गाडी वेळेत पोहोचली नाही, तर पुढचे बुकिंग रद्द होते आणि भाडे परत करावे लागते.

दुसरे असे की, फाटकावरचा रखवालदार बहुतेक ठिकाणी आमचा नोकर नसतोच. ती जागा आम्ही दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली असते. त्याने चावी घेतली म्हणजे कंपनीने गाडी ताब्यात घेतली, असे कसे मानायचे? मधल्या वेळात कोणी गाडी बाहेर काढली, तर ई-चलान नोंदणीकृत मालकाच्या नावावर येते आणि टोल आमच्या फास्टॅगमधून कापला जातो.

प्रतिसाद: घोडबंदर रस्त्यावरील रहिवासी (ठाणे)

मी ताफ्याचे काम पाहणाऱ्यांच्या बाजूने आहे. प्रत्येक प्रकरण चुकून घडलेले नसते. ऐरोलीला परत करायची गाडी, वाहतूक कोंडीत पुन्हा खाडीपलीकडे कोण जाणार, म्हणून ठाण्यात माजिवड्यालाच सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. खर्चाइतकेच पैसे घ्यायचे ठरले, तर हे लोक ती रक्कम सोयीचे भाडे समजून खुशाल भरतील, आणि गैरसोय मात्र पुढच्या ग्राहकाची होईल.

प्रतिसाद: एक वकील (ठाणे)

कायद्याची बाजू मांडतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. तो आकडा ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. नुकसान झालेलेच नसेल, तर या कलमाखाली भरपाई मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने तर झालेल्या नुकसानीच्या मानाने पूर्णपणे विषम असलेला दंड लादणारा करार हा अनुचित करारात गणला आहे. मात्र अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नव्हे, तर राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते, आणि चार-पाच हजारांसाठी तो खटाटोप सहसा कोणी करत नाही. सेवेतील त्रुटी म्हणून अनामतीचा परतावा मागितला, तर जिल्हा आयोगाचा मार्ग खुला आहे. तेथे पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. चावी देतानाचा फोटो, मीटरवरचे किलोमीटर आणि फाटकावरच्या नोंदवहीतील वेळ जपून ठेवलेली असेल, तर दाव्याला खरे बळ येते.

आरंभकर्त्याचे उत्तर

जाणूनबुजून गाडी भलतीकडे सोडणाऱ्यांचा कैवार मी घेत नाही. त्यांना जास्त दंड जरूर लावा. पण येथे पत्ता अपुरा कंपनीने दिला, फलक कंपनीचा होता आणि पहाटेचे बुकिंगही नव्हते, कारण गाडी दुपारपर्यंत खारघरलाच उभी होती. चालकाला रात्री उठवलेच नाही, तर त्याच्या रात्रपाळीचे पैसे कशाचे? आणि रखवालदार तुमचा नसेल, तर ते फाटकावरच ठळक लिहा, म्हणजे ग्राहक त्याच्या हातात चावी देणारच नाही.

तुर्भेहून पुन्हा

पत्त्यात नोडचे नाव असावे, हे मी मान्य करतो आणि आमच्याकडे तसे करण्याचा आग्रह उद्याच धरतो. बुकिंग नसताना पूर्ण दंड घेऊ नये, हेही पटते. तासांच्या भाड्याबाबत मात्र माझे मत कायम आहे: ॲपवर प्रवास बंद झाल्याचा संदेश येईपर्यंत गाडीची जबाबदारी ग्राहकाचीच आहे, आणि तो संदेश आला नाही, तर त्याच क्षणी फाटकावरून फोन करणे हे त्याचे काम आहे.