अनुभव धागा : रोमन शिपायाची हमाली

धागाकर्ता : रोमन सैन्य म्हटलं की लढायाच आठवतात. पण पंचवीस वर्षांच्या चाकरीत लढाईचे दिवस मोजके, बाकी सगळी हमाली. चालणं, वाहणं, खणणं, दळणं यांचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी मोजमापांसकट लिहा, कुठे काय बिघडायचं तेही सांगा. सेनापतींच्या आरत्या नकोत.

जुनंबाड : ओझ्यापासून सुरुवात करतो. नव्या शिपायांना ६० रोमन पौंड, म्हणजे साधारण २० किलो, वाहायची सवय लावा असं युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेजेटियस सांगतो. चाल उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैलांची, म्हणजे जवळजवळ ३० किलोमीटर. रोमन तास हा उजेडाचा बारावा भाग, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तो आपल्या सव्वा तासाचा. तरी वेग ताशी पावणेपाच किलोमीटर पडतो, तोही रांग न मोडता.

आता ते २० किलो. कड्यांचं चिलखत एकटंच दहाच्या आसपास, ढाल सहा ते दहा. वर शिरस्त्राण, तलवार, भाले. शिवाय ज्यू इतिहासकार जोसेफसच्या यादीतली करवत, टोपली, फावडं, कुऱ्हाड, विळा, साखळी आणि तीन दिवसांचा शिधा. बेरीज करून बघा, २० किलोत काही बसत नाही.

कोपरखळी : पायताण राहिलं की! तळाला लोखंडी खिळे. मातीत पकड उत्तम, फरशीवर घात. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिराच्या आवारात ज्युलियानस नावाचा शतपती एकटाच शत्रूला रेटत होता. फरसबंदीवर खिळे घसरले, तो चिलखतासकट आपटला. आवाजाने पळणारे मागे फिरले आणि त्याला घेरून मारलं.

खंदकखोर : मुक्कामाला पोचलं की दुसरी पाळी सुरू. घाईच्या छावणीचा खंदक नऊ फूट रुंद, सात फूट खोल. शत्रूचा जोर असेल तर बारा रुंद, नऊ खोल. निघालेली माती आतल्या बाजूला टाकून बांध, त्यावर खुंट. माती चिकट आणि गवताळ असेल तर ढेपा कापायच्या : दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड. गवताच्या मुळांनी ढेप धरून राहते. भुसभुशीत जमिनीत ती हातातच फुटते, मग नुसता खंदक.

हत्यार दोलाब्रा : एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या बाजूला टोक. कमरेची तलवार खणताना अडते, पण काढायची सोय नाही. इ.स. ४७ मध्ये ऱ्हाइन नदीवर सेनापती कॉर्ब्युलोने बिनतलवारीने खणणाऱ्याला आणि नुसता खंजीर लावून खणणाऱ्याला देहदंड दिल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो; वाढवून सांगितलेलं असेल, असंही तोच म्हणतो. याच कॉर्ब्युलोच्या आर्मेनियातल्या हिवाळी मुक्कामात सरपणाची मोळी वाहणाऱ्या एकाचे हात गारठून मोळीलाच चिकटले आणि मनगटापासून गळून पडले.

पिठलंभाकर : जेवणाचं बघू. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशोबाने पायदळाच्या शिपायाला रोज साधारण ८५० ग्रॅम गहू पडतो. गहूच, पीठ नाही. एका तंबूत आठ जण, म्हणजे दिवसाला सातेक किलो दळण. जातं खेचरावर. खेचर मेलं की जातं गेलं, आणि जातं गेलं की पोत्यातला गहू असून नसल्यासारखा.

इ.स.पू. ३६ मध्ये मीडियातून (आजच्या वायव्य इराणातून) माघार घेताना रोमन सेनापती अँटनीच्या सैन्याचं हेच झालं. काही जनावरं मेली, उरलेल्यांवर जखमी आणि आजारी. जाती मागे टाकावी लागली. जवाची भाकरी चांदीच्या भारोभार विकली गेली. मग लोक रानातली अनोळखी मुळं नि पाला खायला लागले. त्यातल्या एका वनस्पतीने भान जायचं : माणूस सगळं विसरून, महत्त्वाचं काम असल्यासारखा एकेक धोंडा उलटवत बसे, आणि पित्ताची उलटी होऊन मरे.

शिक्षा झालेल्यांना गव्हाऐवजी जव मिळत, हेही नोंदवून ठेवतो.

धागाकर्ता : कामातून सुटका नव्हतीच का?

जुनंबाड : होती, विकत! शतपतीला पैसे चारले की कष्टाच्या कामातून सूट. पगार दिवसाला दहा आस (तांब्याची नाणी), त्यातूनच कपडे, शस्त्रं, तंबू आणि ही लाच, अशी तक्रार इ.स. १४ मधल्या पॅनोनिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतातल्या सैन्याच्या बंडात झाली. ज्याच्याकडे पैसा आहे असा सुगावा लागे, त्याला मुद्दाम राबवून राबवून सूट घ्यायला लावत. शेवटी इ.स. ६९ मध्ये सम्राट ओथोने तोडगा काढला. लाच बंद केली नाही. शतपतींचा तो हप्ता खजिन्यातून द्यायचं कबूल केलं.