डोळ्यांच्या फुगलेल्या शिरा आणि हृदयाची झडप

प्रश्न (रानवारा): माझ्या आईचे वय ६४ आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरील शिरा फुगून नागमोडी झाल्या असून थेंब घालूनही लाली उतरत नाही; डोळ्यांतला दाबही वाढलेला आहे. नेत्रतज्ज्ञांना कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुलाची, म्हणजे कवटीच्या तळाशी धमनीतले रक्त थेट शिरांच्या पोकळीत घुसत असल्याची शंका आहे आणि त्यांनी जांघेतून नळी घालून करायची अँजिओग्राफी सुचवली आहे. ऱ्हुमॅटिक तापामुळे आईच्या हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप पूर्वीपासून अरुंद आहे व हल्ली तिचे पाय सुजतात. यांचा परस्परांशी संबंध असेल का?

प्रतिसाद (डोळस): असू शकतो. मिट्रल झडप अरुंद राहिली की दाब आधी फुप्फुसांत आणि मग हृदयाच्या उजव्या बाजूवर चढतो, तिथली ट्रायकस्पिड झडप ताणून गळू लागते आणि तुंबलेले रक्त मानेच्या शिरांमधून थेट डोळ्यांपर्यंत मागे रेटले जाते. डोळ्यातले पाणी ज्या शिरांत निचरते, त्यांचा दाब साधारण पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरइतका असतो. तो वाढला की डोळ्याचा दाबही वाढतो. फिस्टुला बहुधा एका बाजूला असतो आणि पुष्कळदा डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवल्यास घरघर ऐकू येते. केवळ डोळ्याच्या ठोक्यांवरून मात्र निदान करू नये, कारण ट्रायकस्पिड झडप फार गळत असेल तरीही डोळा ठोक्यासरशी हलू शकतो. मानेची शीर फुगली आहे का हे पाहून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी करून घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (वाटसरू): वरील मताशी सहमत, तरीही इकोत दोष सापडला म्हणून फिस्टुला नाहीच, असे ठरत नाही. एकच वस्तू दुहेरी दिसू लागली, डोळा पुढे आला किंवा नजर अचानक मंदावली, तर इकोची वाट पाहू नये.

रानवारा: आभारी आहे. मानेची शीर खरोखरच फुगलेली दिसते. दाबासाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत.

डोळस: मग तेही हृदयतज्ज्ञांना आवर्जून सांगा. हे थेंब नाकावाटे रक्तात उतरून नाडी मंदावू शकतात. मात्र ते स्वतःहून बंद करू नका.