स्पीडवेचे सर्वकालीन राष्ट्रीय संघ: पहिला मान डेन्मार्कचाच

सागरवाट, मुलुंड

क्रिकेटचा सर्वकालीन संघ काढायला बसलं की अकरा जागा असतात, थोडंफार सगळ्यांचं मन राखता येतं. स्पीडवेत, म्हणजे मोटारसायकलच्या या शर्यतींत, ती सोय नाही. जुन्या विश्व सांघिक स्पर्धेच्या नियमाने चार स्वार आणि एक राखीव, संपला संघ. या पाच जागांसाठी मी जहाजावर कितीतरी रात्री वही भरलीय. आता सुट्टीवर घरी आहे, तर मांडतोच.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. अंडाकृती कच्चा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या, वळायचं फक्त डावीकडे. 500 सीसीची एक सिलिंडरची गाडी, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच. ब्रेक नाहीत. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं उजवीकडे धरायचं आणि डाव्या पायातला पोलादी तळ मातीवर टेकवून गाडी सांभाळायची. मिनिटभरात शर्यत संपते. पहिल्याला 3 गुण, मग 2, मग 1, शेवटच्याला भोपळा.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ग्दान्स्कला. जहाज यार्डात दुरुस्तीला लागलं होतं आणि यार्डातल्या एका पोलिश फोरमनने सोबत नेलं. तिसऱ्या वळणाशी बसलो होतो. गाड्या आल्या आणि मातीचा एक सपकारा थेट तोंडावर आला. मी डोळे चोळत होतो, पण शेजारचे आजोबा हलले नाहीत. गुडघ्यावर छापील कार्यक्रमपत्रिका होती, तिच्या चौकटींत ते पेनाने गुण भरत होते. त्यांनी कागदावरची माती फुंकली, लाल हेल्मेटवाल्याच्या रांगेत 3 लिहिला आणि पुढच्या शर्यतीसाठी मान वर केली. त्या दिवसापासून मीही वही ठेवतो.

आता निकष. माझा एकच आहे: हे पाच जण एका संध्याकाळी एका रंगाची जर्सी घालून उतरले, तर एकमेकांसाठी चालवतील का?

या निकषावर डेन्मार्क पहिला. ओले ओल्सन कर्णधार (जगज्जेता 1971, 1975, 1978), हान्स नील्सन (1986, 1987, 1989, 1995), एरिक गुंडरसन (1984, 1985, 1988), निकी पेडरसन (2003, 2007, 2008), राखीव यान ओ. पेडरसन (1991). चौदा जगज्जेतेपदं झाली. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. 1984 ते 1989 अशी सहा वर्षं वैयक्तिक किताब नील्सन आणि गुंडरसन या दोघांतच फिरला. 1985 ला ब्रॅडफर्डमध्ये दोघे आणि अमेरिकेचा सॅम एर्मोलेन्को समान गुणांवर आले आणि जादा शर्यत गुंडरसनने मारली. 1988 ला वॉयन्समध्ये पुन्हा समान गुण, पुन्हा जादा शर्यत, पुन्हा गुंडरसन. एकमेकांच्या तोंडचा घास काढणारी ही माणसं 1986 ते 1989 सलग चार वर्षं जोडीची विश्वस्पर्धाही एकत्र जिंकली. सांघिक किताब तर 1983 ते 1988 डेन्मार्कने सोडलाच नाही.

त्यानंतर माझा क्रम: स्वीडन, न्यूझीलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड. बोला.

भायखळा गॅरेज

सागरवाट, वहीला नमस्कार, पण न्यूझीलंड तिसरा? मला हे मान्य नाही, आणि मी हातचं राखून बोलत नाही.

रॉनी मूर, बॅरी ब्रिग्स, आयव्हन मॉगर. अनुक्रमे 2, 4 आणि 6, म्हणजे बारा जगज्जेतेपदं, आणि तिघेही एकाच क्राइस्टचर्चमधून आलेले. आपल्याकडे शिवाजी पार्कचं नाव का घेतात? एका मैदानाच्या मातीतून किती निघाले म्हणून. हे तर मुंबईहून कितीतरी लहान गाव. (आणि हो, स्पेलिंग काहीही असो, मॉगर हे आडनाव मेजर असं उच्चारतात.)

मेजरबद्दल थोडं लिहितोच. सतरा वर्षांचा पोरगा 1957 ला इंग्लंडला गेला, विम्बल्डनच्या संघात टिकला नाही, स्टेडियमवर पडेल ती कामं केली आणि मायदेशी परतला. माणूस तिथेच संपतो. हा 1963 ला पुन्हा गेला, न्यूकॅसलकडून उतरला, आणि 1968, 1969, 1970 असे तीन किताब ओळीने. असं ओळीने तीनदा त्याच्या आधी कुणाला जमलं नव्हतं. चाहत्यांनी त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊन दिला. मी शिकाऊ असताना आमच्या उस्तादांकडे एक इराणी गिऱ्हाईक यायचं, ते विलायतेतली जुनी मासिकं आणून द्यायचं. त्यात त्या सोनेरी गाडीचा फोटो होता. उस्तादांनी तो कापून पान्यांच्या फळीवर चिकटवला होता. ऑइलच्या बोटांनी काळा पडला, पण काढला नाही कुणी. आम्ही दिवसभर म्हैसूरच्या जावा उघडायचो, आणि स्पीडवेलाही 500 सीसीची जावाच चालायची, चेकोस्लोव्हाकियात बनलेली. त्यामुळे तो माणूस आम्हाला परका वाटलाच नाही.

तुमचा कर्णधार ओल्सन कुणाकडे शिकला? मेजरकडे. न्यूकॅसलला दोघे एकाच संघात होते. गुरू तिसऱ्या क्रमांकावर आणि चेला पहिल्या, हे कुठलं गणित? आणि जोडीचंच म्हणत असाल तर 1970 ची जोडीची स्पर्धा मूर आणि मेजरने जिंकलेली आहे.

रसिका, दादर

सागरवाटदादा, डेन्मार्कवर आक्षेप नाही, तुमच्या पुराव्यावर आहे. विश्व सांघिक स्पर्धेत चार देश असायचे आणि प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकच स्वार. तिथे कोण कुणासाठी चालवणार? शेजारी जोडीदारच नाही. तुमच्या निकषाला खरा आधार फक्त जोडीच्या स्पर्धेचा आहे, बाकी सहा सांघिक किताब म्हणजे चार चांगल्या स्वारांच्या गुणांची बेरीज.

दुसरं, 1994 पर्यंतची जगज्जेतेपदं आणि नंतरची एकाच तागडीत कशी टाकता? आधी बहुतेक वेळा एकाच रात्रीचा अंतिम सामना असायचा. सोळा स्वार, वीस शर्यती, प्रत्येकाला पाच संधी. क्लच जळला, एक सुरुवात चुकली, की वर्ष गेलं. 1995 पासून मोसमभर चालणारी ग्रां प्री आली. तिथे एका वाईट रात्रीची भरपाई होते, पण सातत्य लागतं. दोन वेगळी कसबं आहेत. स्वीडनच्या टोनी रिकार्डसनने 1994 ला एका रात्रीतला शेवटचा किताब जिंकला आणि मग 1998, 1999, 2001, 2002, 2005 असे पाच ग्रां प्रीतले. त्याच्या जोडीला ओवे फुंदिन, पाच वेळा जगज्जेता आणि 1956 ते 1965 सलग दहा वर्षं पहिल्या तिघांत. मग मिकानेक, क्नुटसन, पेर योन्सन. एकही जागा भरतीची नाही. माझा पहिला स्वीडन.

सागरवाट, मुलुंड

रसिकाताई, एका रात्रीतला शेवटचा रिकार्डसनचा, कबूल. पण ग्रां प्रीचा पहिलाच, 1995 चा, नील्सनचा आहे. म्हणजे दोन्ही कसबं डेन्मार्ककडेही आहेत.

सांघिक स्पर्धेचं तुमचं म्हणणं ट्रॅकपुरतं बरोबर. पण पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागी, काय चालतं ते मी जवळून पाहिलंय. पहिल्या शर्यतीहून परतलेला स्वार हेल्मेट काढायच्या आधी दुसऱ्याच्या कानाशी जातो: आतली कड ओली आहे, बाहेर पकड मिळतेय, मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात बदल. एकच गिअर असलेल्या गाडीत तो एक दात म्हणजे सगळं काही. ज्याच्याशी तुम्ही पुढच्या महिन्यात जगज्जेतेपदासाठी भिडणार आहात, त्याला ही माहिती द्यायला मोठं मन लागतं.

भायखळाकाका, तुमचे तिघे वंदनीय. पण चौथा कोण?

भायखळा गॅरेज

लॅरी रॉस. राखीव मिच शिरा. 1979 ला लंडनच्या व्हाइट सिटीत न्यूझीलंडने विश्व सांघिक किताब जिंकला तेव्हा मेजरसोबत हे दोघे होते. त्याच वर्षी मेजरने सहावा वैयक्तिक किताब घेतला, एकोणचाळिसाव्या वर्षी. चौथा नाही म्हणून न्यूझीलंडला खाली ढकलायची जुनी सवय आहे लोकांची.

झुझेलप्रेमी, घाटकोपर

पोलंड शेवटचा? जिथे तुम्ही हा खेळ शिकलात तो देश?

पोलंडमध्ये याला झुझेल म्हणतात, ट्रॅकवर पसरायच्या जळक्या कोळशाच्या खडीवरून. तिथे हा खेळ गावागावाचा आहे. आणि तुमचीच फूटपट्टी लावतो: देशाच्या जर्सीत काय केलं? 2001 ते 2023 या काळात सांघिक विश्वचषक अठरा वेळा झाला, त्यातले नऊ पोलंडचे. 2005 पासून 2023 पर्यंत पिढ्या बदलल्या, निकाल बदलला नाही. त्याआधी 1961, 1965, 1966, 1969 आणि 1996 चे सांघिक किताब वेगळेच. बार्तोश झ्मारझ्लिक 2019, 2020, 2022, 2023, 2024 आणि 2025 चा जगज्जेता, म्हणजे मेजर आणि रिकार्डसन यांच्या बरोबरीला. तोमाश गोलोब 2010 चा, त्याच्याही एकोणचाळिसाव्या वर्षी. आणि 1973 चा येझी श्चाकिएल. होझूफच्या मैदानावर लाखभर माणसं, समान गुण, जादा शर्यतीत समोर साक्षात मेजर. मेजर पडला, श्चाकिएल जिंकला. त्याला नशिबाचा किताब म्हणणारे विसरतात की समान गुणांपर्यंत तो स्वतःच्या हिमतीवर आला होता.

डेन्मार्कला शिखरं आहेत. पोलंडकडे पठार आहे, आणि संघ पठारावर उभा राहतो.

शिवडीवाला

एक मूलभूत प्रश्न. देश ठरवायचा कसा? टाय वूफिंडन (2013, 2015, 2018) इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्पला जन्मला, पण वाढला ऑस्ट्रेलियात, पर्थला. जेसन क्रम्प (2004, 2006, 2009) ऑस्ट्रेलियाचा, जन्म ब्रिस्टलचा. काकांचा रॉनी मूर जन्माने होबार्टचा, म्हणजे तास्मानियाचा. रुने होल्टा नॉर्वेचा, पण पोलंडच्या जर्सीत विश्वचषक जिंकला. आणि 1968 ला ग्रेट ब्रिटनने सांघिक किताब जिंकला तेव्हा त्या संघात ब्रिग्स आणि मेजर होते! मग ती कमाई कुणाच्या खात्यावर?

भायखळा गॅरेज

शिवडीवाले, यशस्वी जयस्वाल भदोहीहून आला आणि आझाद मैदानावर घडला. तो मुंबईकडून खेळला तेव्हा कुणी जन्मगाव विचारलं का? ज्या मातीत गाडी आडवी करायला शिकला, ती माती त्याची. मूर क्राइस्टचर्चचाच.

रसिका, दादर

काका, मग तुमच्याच नियमाने वूफिंडन ऑस्ट्रेलियाचा होतो, आणि इंग्लंडच्या संघातून तीन जगज्जेतेपदं जातात. ते मान्य आहे तुम्हाला? मी जर्सी धरते. ज्या देशाच्या रंगात जागतिक स्पर्धा खेळला, तो देश. क्रम्प ऑस्ट्रेलिया, वूफिंडन ग्रेट ब्रिटन, म्हणजे या यादीतला इंग्लंड. 1968 चा किताब ग्रेट ब्रिटनचाच राहील, न्यूझीलंडला त्यातलं काही मिळणार नाही.

शिवडीवाला

जर्सी मलाही पटते. मग इंग्लंडबद्दल बोलतो, कारण त्या संघाचा कर्णधार कुणी विचारलाच नाही. पीटर क्रेव्हन, 1955 आणि 1962. अंगाने लहानखुरा, पण तोल असा की लोक त्याला तोलाचा जादूगार म्हणायचे. सप्टेंबर 1963, एडिंबरा. समोर पडलेल्या स्वारावर गाडी जाऊ नये म्हणून त्याने ती वळवली, कुंपणावर आदळला आणि काही दिवसांनी गेला. वय 29. सागरवाट, तुमचा निकष 'एकमेकांसाठी चालवतील का' हा आहे ना? या माणसाने ट्रॅकवरच्या दुसऱ्या माणसासाठी जीव दिला. अजून दहा वर्षं मिळती तर इंग्लंड तुमच्या यादीत चौथा नसता.

मी ऑस्ट्रेलियाच्या पाचांत डार्सी वॉर्डही घेतो. दोनदा 21 वर्षांखालचा जगज्जेता, आणि 2015 ला पोलंडमधल्या अपघातात कंबरेखाली लुळा झाला. त्याला वगळणं म्हणजे अपघाताला दुसऱ्यांदा जिंकू देणं.

सागरवाट, मुलुंड

शिवडीवाले, क्रेव्हनबद्दल वाचून थोडा वेळ वही मिटून ठेवली. इंग्लंडचा कर्णधार तोच. क्रेव्हन, पीटर कॉलिन्स, वूफिंडन, मायकेल ली, राखीव मार्क लोरम.

वॉर्डबाबत मात्र नाही म्हणतो, आणि जड मनाने म्हणतो. न झालेल्या शर्यतींचे गुण चौकटीत भरता येत नाहीत. एकदा ते सुरू केलं की योन्सनचेही भरावे लागतील, 1994 ला पोलंडमध्येच पडला आणि चाकाच्या खुर्चीत गेला. आणि गुंडरसनचे. तो 1989 ला ब्रॅडफर्डच्या सांघिक अंतिम सामन्यात पहिल्याच शर्यतीत पडला, चौघे एकमेकांवर, आणि पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. त्याची शेवटची शर्यत डेन्मार्कच्या जर्सीत होती. माझ्या संघात त्याची जागा आहे ती त्याआधी त्याने जे केलं त्यावर.

झुझेलप्रेमी, तुम्ही मला माझ्याच फूटपट्टीने मोजलंत आणि मी कमी भरलो. पोलंडला शेवटी टाकताना मी फक्त वैयक्तिक किताब मोजले होते. हे माझ्याच निकषाविरुद्ध होतं. नवा क्रम: डेन्मार्क, पोलंड, स्वीडन, न्यूझीलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. पोलंडचे झ्मारझ्लिक, गोलोब, श्चाकिएल आणि यारोस्वाव हाम्पेल. राखीव जागा रिकामी आहे, एडवर्ड यान्त्साश की झेनोन प्लेख?

रसिका, दादर

स्वीडन तिसरा मला मान्य नाही. सहा आणि पाच किताबांचे दोन स्वार एका संघात आणखी कुणाकडे आहेत? तुम्ही सौजन्य मोजताय आणि मी वेग. पण राखीव जागेला माझं मत यान्त्साश. 1968 ला गोथेनबर्गच्या मैदानात तो तिसरा आला होता, परक्या मातीवर.

झुझेलप्रेमी, घाटकोपर

प्लेख. 1973 ला होझूफमध्ये तिसरा आला तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि सहा वर्षांनी त्याच मैदानात दुसरा.

भायखळा गॅरेज

प्लेखच घ्या. 1979 ला त्याच्या पुढे फक्त मेजर होता. आणि न्यूझीलंड चौथ्या नंबरवर गेलेला मी पाहिलाय. उद्या दुकान बंद आहे, सविस्तर लिहितो.