दहा मिनिटांत सवय होते म्हणे!

छापखानेवाले अण्णा
परवा इथेच एका दिवट्याने लिहिलं: "विंडोज ११ ची सवय व्हायला दहा मिनिटं पुरतात, ज्यांना जमत नाही त्यांनी पाटी-पेन्सिल घ्यावी." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे लांबण.

इंदुरात जेल रोडच्या मागे माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. वीस वर्षं टास्कबार, म्हणजे उघड्या खिडक्यांची ती पट्टी, पडद्याच्या डाव्या कडेला उभा ठेवून काम केलं. पत्रिका उभी, पडदा आडवा. खालची पट्टी उंची खाते, बाजूची पट्टी रिकामी जागा खाते. एवढं साधं गणित. २०२१ च्या ऑक्टोबरात अकरा आलं ते पट्टी हलवायची सोय काढूनच आलं.

स्टार्ट बटणाची आणखी गंमत. आधी ते कोपऱ्यात होतं. डोळे मिटून माऊस खाली-डावीकडे ढकलला की बरोबर त्याच्यावर जायचा. आता ते मधल्या घोळक्यात, आणि जितक्या खिडक्या उघडाल तितकं डावीकडे सरकतं! दुकानाचं दार रोज वेगळ्या जागी असतं का हो?

राईट क्लिकवर कट, कॉपी, पेस्ट ही नावं गेली, बारकी चित्रं आली. आमचा मुलगा त्यातलं डिलीट दाबून बसला. गिऱ्हाइकाची फाईल रिसायकल बिनमधून काढली. सीझनच्या दिवसांत तेवढ्यानेही जीव जातो.

भुट्टे का कीस
दिवटा हजर आहे, अण्णा 😄 पण भिया, पाटी-पेन्सिलवर ठाम आहे. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, अलाइनमेंट लेफ्ट. झालं बटण कोपऱ्यात. पोहे-जिलेबी खायला याहून जास्त वेळ लागतो. जुना राईट क्लिक हवा तर शिफ्ट धरून करा.

सुदामानगरची ताई
मी क्लास घेते. पहिल्यांदाच माऊस धरणाऱ्या गृहिणी बटण मधे आहे म्हणून कधीच अडत नाहीत. अडतात ते जुने, अण्णांसारखे. हाताची सवय मोडायला वेळ लागतो, त्यात कमीपणा नाही. पण म्हणून डिझाईनच वाईट? २०१२ मध्ये विंडोज ८ ने तर स्टार्ट बटण गायबच केलं होतं. तेव्हाही हीच बोंबाबोंब होती.

छापखानेवाले अण्णा
ताई, मग २०१३ मध्ये ८.१ ला ते बटण परत का आणलं? बोंब मारली म्हणूनच ना? खिडक्यांची नावं टास्कबारवर वेगवेगळी दिसायची, ती सोयही अकराने काढली आणि २०२३ मध्ये गुपचूप परत दिली. चित्रांखाली नावंसुद्धा नंतर आली. गप्प बसणाऱ्यांना काय मिळालं?

पेन्शनर लोकमान्यनगर
बटण गेलं खड्ड्यात. मेकॅनिकने अकरा टाकताना माझं रेमिंग्टन, टाइपरायटरच्या पद्धतीचा तो हिंदी कीबोर्ड, उडवलं! तीस वर्षं हिंदी टायपिंगवर नोकरी केली. आता कृतिदेव फॉन्टमधली जुनी फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्यावर बोला.

भुट्टे का कीस
काका, तो दोष विंडोजचा नाही. कृतिदेव युनिकोड नाहीच, इंग्रजी अक्षरांवरच देवनागरीचे आकार चढवलेत. फॉन्ट नसला की भेळच. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा युनिकोड कीबोर्ड, शिका; मध्य प्रदेशाच्या सीपीसीटी या संगणक-टायपिंग परीक्षेतही चालतं.

पेन्शनर लोकमान्यनगर
शिका म्हणे! बाळ, तू पाळण्यात होतास तेव्हा माझा टंकलेखनाचा वेग अख्ख्या ऑफिसात पहिला होता. तू आता काय शिकवून राहिला मला?

सुदामानगरची ताई
काका, रागावू नका, पण इनस्क्रिप्ट खरंच सोपं आहे. क ज्या कळीवर, त्याच कळीवर गुजराती आणि बंगालीतही. बडोद्याची माझी भाची त्याच बोटांनी गुजराती लिहिते.

पेन्शनर लोकमान्यनगर
मग "दुसऱ्या"तला र कसा काढायचा? सगळ्या बिनीच्या तरुणांचं "दुसर्या" येतं. साहित्य सभेच्या निमंत्रणात तसं छापून आलं तर लाज कोणाला वाटते? आम्हालाच!

छापखानेवाले अण्णा
काका, निमंत्रण आमच्याकडे छापायला द्या. मी स्वतः तपासतो. बाकीचे दुकानदार व्हॉट्सअॅपवरचा मजकूर तसाच उचलून चिकटवतात. इंदुरी मराठीला पुणेकर आधीच हसतात, त्यात ही भर.

पेंग्विनप्रेमी
विंडोज सोडा, सगळे लिनक्स मिंट घ्या. पट्टी वर, खाली, उभी, कुठेही ठेवा.

छापखानेवाले अण्णा
त्यात आमचं पत्रिका बनवायचं कोरल सॉफ्टवेअर चालवून दाखव, मग बोल.

पेंग्विनप्रेमी
...

भुट्टे का कीस
अण्णा, एक सांगा, चार वर्षं विंडोज दहावर राहिलात ना? मग आताच का बदललं?

छापखानेवाले अण्णा
१४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला म्हणून! काउंटरवरचं मशीन तर अकरा घेतच नाही. प्रोसेसर सातव्या पिढीचा, टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही. धडधाकट मशीन, पण भंगारात घाला म्हणे. तुझ्या दहा मिनिटांत याचे पैसे धरलेस का रे?

भुट्टे का कीस
हे मात्र चूक आहे त्यांचं. मान्य. एवढंच मान्य.

सुदामानगरची ताई
माझ्या क्लासमधली सहा मशीनंही अशीच अडकलीत. त्यावर मी काही बोलले नव्हते, कारण बोलले की रडू येतं.

छापखानेवाले अण्णा
बरं, बटण डावीकडे घेतलं. दहा सेकंद लागले, नाही म्हणत नाही. पट्टी खालीच आहे. काउंटरवरच्या दहाची नेटची वायर काढून ठेवलीय, पत्रिका त्यावरच लावतो. उभी पट्टी, बघून जीव थंड होतो.

पेन्शनर लोकमान्यनगर
माझ्या प्रश्नाचं काय झालं?

सुदामानगरची ताई
काका, इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग हलंत, मग य.

पेन्शनर लोकमान्यनगर
दुसऱ्या. आला. ळ कुठे आहे?

भुट्टे का कीस
शिफ्ट एन, काका.