कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर घरातलं काय काय थांबेल?

प्रश्न: स्मार्ट कुलूप, कॅमेरा, दिवे, थर्मोस्टॅट, सगळं अ‍ॅपवर. कंपनीने सेवा गुंडाळली तर यातलं काय चालू राहील, हे आधीच कसं तपासायचं?

प्रतिसाद १: राउटर बंद करू नका, त्याच्या वॅन पोर्टमधली (बाहेरून इंटरनेट येतं त्या खाचेतली) केबल फक्त काढा. वाय-फाय चालू, इंटरनेट नाही, अशी स्थिती हवी. आता एकेक उपकरण अ‍ॅपवरून चालवून बघा. खरी कसोटी यापुढे: उपकरणाची वीज काढून पुन्हा द्या. बरीच उपकरणं सुरू होताना इंटरनेटवरून वेळ घेतात. ती मिळाली नाही की टायमर चुकतो किंवा लागतच नाही. या दरम्यान अ‍ॅपमधून लॉगआउट करू नका, केबल परत लावेपर्यंत आत जाता येणार नाही.

प्रतिसाद २: शंका रास्त आहे. रिव्हॉल्व या कंपनीचे हब (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारे डबे) मे २०१६मध्ये कायमचे निकामी झाले. इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-बटणांच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२मध्ये अचानक बंद पडले; भिंतीवरची बटणं चालत राहिली, अ‍ॅप मात्र ठप्प. म्हणून हाताने चालणारं बटण असलेलंच उपकरण घ्या.

प्रतिसाद ३: दिव्यांसाठी झिगबी किंवा मॅटर (उपकरणांनी घरातल्या घरात एकमेकांशी बोलायच्या पद्धती) असलेले दिवे घ्या आणि होम असिस्टंटला, म्हणजे घरातल्याच संगणकावर चालणाऱ्या प्रणालीला जोडा, आज्ञा घराबाहेर जातच नाही. उपकरण जोडताना लागणारा मॅटरचा ११ अंकी कोड आधी उतरवून ठेवा. तो बहुधा उपकरणावरच छापलेला असतो, भिंतीत बसवल्यावर दिसत नाही. कॅमेऱ्यात आरटीएसपी (चित्र घरातल्या नेटवर्कवरच थेट बघायची सोय) आणि मेमरी कार्ड दोन्ही हवं. आणि किल्लीने उघडत नाही असं कुलूप मुख्य दाराला लावूच नये.