हळवा, कातर की आणखी काही?

शेवगा:
समुपदेशनाच्या एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर तपासते आहे. ‘व्हल्नरेबल’साठी ‘असुरक्षित’ घातलंय. वाक्य असं: ‘असुरक्षित क्षणी माणूस खरं बोलतो.’ मला तर पोलीसचौकीच आठवली. ‘हळवा’ चालेल का?

पाटीपेन्सिल:
‘ती जरा हळवीच आहे’ म्हणजे तिच्यासमोर जपून बोला. कुत्सित छटा आहे त्याला. शिवाय हळवा असतो स्वभाव, तुम्हाला हवाय क्षण. ‘कातर’ बघा. कातर आवाज, कातरवेळ. पण संस्कृतात कातर म्हणजे भित्रा, आणि भीतीपोटी माणूस खोटंही बोलतो.

वरकस:
‘हळव्या’ला इतक्यात हाकलू नका. आमच्याकडे रोह्याला भात हळवं, निमगरवं, गरवं असतं. हळवं साधारण ११० दिवसांत कापणीला येतं, गरव्याला १४०च्या वर लागतात. पाणी न धरणाऱ्या उथळ जमिनीत हळवंच लावतात. गरवा ‘गुरु’पासून आला, हळवा ‘लघु’पासून: प्राकृतात लहु, मग अक्षरांची अदलाबदल होऊन हलु. आपलं ‘हळू’ही तिथलंच. म्हणजे मुळात हलकं, दुबळं नव्हे.

शेवगा:
भाताचं माहीतच नव्हतं! पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच आहे. गेल्या वर्षी बाबांना ऑपरेशनला आत नेत होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘भीती वाटतीय गं.’ जन्मभर ‘मला काय धाड भरलीय!’ म्हणणारा माणूस. त्यांना हळवं नाही म्हणवत.

पाटीपेन्सिल:
मग ‘उमाळा’? मायेचा, दुःखाचा उमाळा म्हणतो तसा विहिरीच्या तळातून उसळणाऱ्या पाण्यालाही म्हणतात. पोटातलं ओठावर येतं ते तेव्हाच. ‘प्रांजळ’ मात्र नको. प्रांजळ कबुली माणूस विचार करून, बहुधा खुर्चीत बसून देतो.

वरकस:
बाबा रडले होते का? उमाळ्याला पाणी लागतं.

शेवगा:
नाही. घड्याळाचा पट्टा तेवढा घामानं ओला होता. बरोबर, उमाळाही नको. आता असं केलंय: ‘धीर सुटतो तेव्हा माणूस खरं बोलतो.’ एकाच शब्दात बसवायचा हट्ट सोडला.

पाटीपेन्सिल:
चालेल. ‘माणूस’नंतर ‘बरेचदा’ घाला.